जाळी बसवण्याआधी आणि नंतर



पालेगावच्या या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो प्रश्न म्हणूनच दिला. 'अँजिओप्लास्टी किती सुरक्षित?' ज्यांना मध्येच उठून बदलापूर लोकल गाठायची आहे, त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकतो. बरीच सुरक्षित आहे. प्रकृती स्थिर असलेल्या माणसाची, ठरवून केलेली अँजिओप्लास्टी असेल तर जिवावर बेतण्याचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आहे. आता ज्यांना गाडी नाही त्यांनी बसावं, कारण मला जे बोलायचं आहे ते याच्या पुढे सुरू होतं.

आपल्या भागात माणूस कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, टेबलावर क्वचित दगावतो. तो दगावतो त्याच्या आधी: घरात, रिक्षात, नेवाळी नाक्याच्या गर्दीत. नाहीतर दगावतो नंतर, गोळ्या मनानंच बंद केल्यावर. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक उलटा व्यवहार आहे. ज्याला अटॅक आलाय, ज्याचं एकेक मिनिट मोलाचं आहे, तो म्हणतो, 'सकाळी बघू.' आणि ज्याला गेले सहा महिने जिना चढताना थोडं भरून येतंय, ज्याच्याकडे विचार करायला भरपूर वेळ आहे, त्याचे नातेवाईक रात्रीतून दागिने गहाण टाकून पैसे उभे करतात, कारण कुणीतरी सांगितलंय, 'नव्वद टक्के ब्लॉकेज आहे, आत्ताच करा.' घाई कुठे करायची आणि कुठे थांबायचं, हे आपण नेमकं उलटं शिकलोय. आजचं माझं बोलणं एवढ्यापुरतंच आहे.

आधी तंत्राला त्याचं श्रेय देऊ. पहिली अँजिओप्लास्टी १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये झाली. करणारा आंद्रेयास ग्रुंटझिग, वय अडतीस. रुग्णाचं वयही अडतीसच. अरुंद झालेली शीर आतून उघडायची, टोकाला फुगा असलेली नळी ग्रुंटझिगनं घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, घरच्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या मदतीनं जुळवून जुळवून बनवली होती. आज एखाद्या डॉक्टरनं असं काही घरी बनवून आणलं तर त्याला कॅथलॅबच्या दारातही उभं करणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण त्या रुग्णाची शीर दहा वर्षांनी पुन्हा तपासली तेव्हाही उघडीच होती. ते पाहायला ग्रुंटझिग मात्र नव्हता. १९८५ मध्ये विमान अपघातात तो गेला.

त्यानं स्वतःचे पहिले पन्नास रुग्ण १९७९ मध्ये जगापुढे मांडले. पन्नासपैकी बत्तीस जणांत काम जमलं. पाच जणांना प्रकृती ढासळल्यामुळे तातडीनं बायपाससाठी न्यावं लागलं. म्हणजे दहातला एक! हे आकडे त्यानं लपवले नाहीत, म्हणूनच पुढच्यांना सुधारणा करता आल्या. आज तातडीच्या बायपासची वेळ दोनशेत एकावरही येत नाही. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये झाक प्युएलनं आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिक सिगवार्टनं शिरेत धातूची जाळी बसवली, ती आपण स्टेंट म्हणून ओळखतो. त्याच सुमारास चेन्नईत डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल यांनी भारतात अँजिओप्लास्टीचा पाया घातला. नुसत्या फुग्यानं उघडलेली शीर सहा महिन्यांत तिघांतल्या एकाची पुन्हा अरुंद व्हायची. जाळीनं ते प्रमाण घटलं, आणि औषध लावलेल्या जाळीनं शंभरात दहाच्याही खाली आणलं.

मनगटाची गोष्टही सांगायला हवी. पूर्वी नळी जांघेतून घालत. त्यातून रक्तस्राव व्हायचा, माणूस पायावर वाळूची पिशवी घेऊन रात्रभर पडून राहायचा. माँट्रियलच्या लुसियाँ काम्पो यांनी १९८९ मध्ये मनगटातून अँजिओग्राफी केली, आणि १९९२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाइ यांनी मनगटातून अँजिओप्लास्टी केली. पुढे हजारो रुग्णांच्या चाचण्यांत दिसलं की मनगटातून गेलं तर रक्तस्राव कमी होतो, आणि अटॅकच्या रुग्णांत मृत्यूही कमी होतात. तुमच्या घरातल्या कुणाचं काम ठरलं असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, 'हातातून करणार की पायातून?' पायातून करण्यालाही कधी सबळ कारण असतं. ते ऐकून घ्या.

हे झालं टेबलावरचं. आता टेबलाच्या आधीचं.

अटॅक येतो म्हणजे काय होतं? आपल्या डोक्यात चित्र असतं ते नळात क्षार साचून तो हळूहळू बंद होण्याचं. चित्र चुकीचं आहे. शिरेच्या भिंतीत चरबीचा साठा असतो, त्यावर पातळ आवरण असतं. एखाद्या क्षणी ते आवरण पुळी फुटावी तसं फुटतं, त्यावर रक्ताची गाठ बसते आणि शीर काही मिनिटांत बंद होते. गंमत अशी की फुटणारी जागा पुष्कळदा नव्वद टक्क्यांची नसतेच. चाळीस-पन्नास टक्क्यांची, कालपर्यंत कसलाही त्रास न देणारी असते. हा मुद्दा डोक्यात ठेवा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

गाठ बसली की पलीकडचा स्नायू मरायला लागतो. पहिल्या दोन-तीन तासांत रक्त सुरू झालं तर बराच स्नायू वाचतो. नंतर दर तासाला हातात उरतं ते कमी कमी होत जातं. आणि आपण किती वेळ लावतो? २००८ मध्ये भारतातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नास शहरांतली ८९ रुग्णालयं, वीस हजारांहून जास्त रुग्ण. त्यात दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ निघाला ३६० मिनिटं. सहा तास! म्हणजे निम्म्या लोकांना सहा तासांहून जास्त लागले.

कुठे जातात हे सहा तास? पहिला तास इनोत. दुसरा पाठ शेकण्यात. मग शेजारचे काका येऊन सांगतात की त्यांनाही असंच झालं होतं, गॅस निघाला. मग रात्र आहे, लिफ्ट बंद आहे, मुलगा कंपनीत नाइटला आहे, त्याला फोन करून घाबरवायचं कशाला. बाई असेल तर आणखी उशीर, कारण बाईला अटॅक येतो हेच घरच्यांच्या मनात नसतं. मधुमेह असेल तर कळ येईलच असं नाही. नुसता घाम, धाप, मळमळ. अखेर निघायचं ठरतं तेव्हा चर्चा सुरू होते, 'ठाण्याला न्यायचं की थेट मुंबईला?' आणि चर्चा संपेपर्यंत सकाळची पहिली लोकल निघून गेलेली असते.

इथे मला पालेगावबद्दल एक गोष्ट रोखठोक सांगायची आहे. अटॅकसाठी सर्वांत चांगला उपाय लगेच केलेली अँजिओप्लास्टी हाच आहे, यात वाद नाही. २००३ मध्ये तेवीस चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शननंतर सुरुवातीच्या काळात नऊ टक्के माणसं दगावली होती, अँजिओप्लास्टीनंतर सात टक्के. पण हा दोन टक्क्यांचा फायदा 'लगेच'चा आहे. जगभरचा नियम असा की ईसीजीत अटॅक दिसल्यापासून दोन तासांच्या आत शीर उघडता येणार नसेल, तर थांबू नका. इंजेक्शन आधी द्या, मग रुग्ण पुढे पाठवा. आता आनंदनगर एमआयडीसीच्या मागून निघून, नेवाळी, खोणी, काटई करत किंवा उल्हासनगरमधून कल्याणला, गर्दीच्या वेळी, कॅथलॅब चालू असलेल्या आणि टीम हजर असलेल्या रुग्णालयात पोचून, कागद भरून, पैशांची सोय किंवा मंजुरी होऊन, शीर उघडेपर्यंत किती वेळ जाईल? हिशेब तुम्हीच करा. मला तो दोन तासांत बसवताना घाम फुटतो.

२०१३ मध्ये 'स्ट्रीम' नावाच्या चाचणीत नेमका हाच पेच तपासला. १,८९२ रुग्ण, तीन तासांच्या आत आलेले, पण तासाभरात अँजिओप्लास्टी होऊ न शकणारे. काहींना इंजेक्शन देऊन पुढे पाठवलं, बाकीच्यांना थेट अँजिओप्लास्टीला. महिनाभरातला निकाल जवळजवळ सारखा आला: मृत्यू, शॉक, हृदय निकामी होणं किंवा पुन्हा अटॅक, असं सगळं मिळून १२.४ विरुद्ध १४.३ टक्के. पण याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी इंजेक्शनचा एजंट आहे असं तुम्हाला वाटेल. इंजेक्शनवाल्यांत मेंदूत रक्तस्राव जास्त झाला, शंभरात एकाला. आणि जवळजवळ ३६ टक्के लोकांत इंजेक्शननं भागलं नाही, त्यांना धावपळ करून कॅथलॅबमध्ये न्यावं लागलं. म्हणून इंजेक्शन देऊन रुग्णाला तिथेच खाटेवर ठेवणं हा अर्धाच उपचार झाला. गाडी दारात उभी हवी.

हे सगळं आपल्याकडे होऊ शकतं का? शेजारीच झालंय. गोव्यानं २०१८ च्या अखेरीस 'स्टेमी गोवा' सुरू केलं. लहान केंद्रावर ईसीजी काढायचा, तो यंत्रावरून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांकडे जायचा, तिथून होकार आला की इंजेक्शन तिथेच, मोफत. तमिळनाडूत त्याआधी चार विभागांत अशीच साखळी बांधून २,४२० रुग्णांचा हिशेब ठेवला गेला. साखळी बांधण्यापूर्वी वर्षभरात १७.६ टक्के रुग्ण दगावत होते, नंतर १४.२ टक्के. त्यांनी नवीन स्टेंट शोधला नव्हता. ईसीजी, फोन, इंजेक्शन आणि गाडी एका दोरीत ओवली होती, एवढंच.

आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, राज्यभरात ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली. अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ ला झालं. सुटे तुकडे जमायला लागलेत. या परिसरात आणखी एका कॅथलॅबची पाटी लागली तर मी फुलं घेऊन जाईन. पण पालेगावच्या दवाखान्यांत रात्री दोन वाजता दहा मिनिटांत ईसीजी निघत असेल, तर मी त्याहून जास्त आनंदानं जाईन. आणि ईसीजी एकदा नॉर्मल आला म्हणून घरी जाऊ नका. दुखणं चालू असेल तर तो अर्ध्या तासानं पुन्हा काढायचा असतो.

एक स्वस्त गोष्ट राहिली. अॅस्पिरिन. १९८८ मध्ये सतरा हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत दिसलं की अटॅकमध्ये नुसत्या अॅस्पिरिननं मृत्यू तेवीस टक्क्यांनी घटले. तीनशे मिलिग्रॅमची गोळी चावून खायची, गिळायची नाही. अॅलर्जी असेल, पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तर नाही. आणि गोळी घेतली म्हणून निवांत बसायचं नाही, निघायचं. सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याच्या डबीतून घेऊन जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती घात करते.

आता दुसरी बाजू: जिथे थांबायला हवं.

चालताना छातीत भरतं, थांबलं की जातं, महिनोन्महिने तसंच आहे. तपासणी झाली, अँजिओग्राफीत नव्वद टक्के दिसलं. आता काय? साहजिक वाटतं, ब्लॉकेज उघडलं की अटॅक टळला. म्हणूनच मघाशी सांगितलं, पुळीची जागा लक्षात ठेवा. जी जागा उद्या फुटणार ती बहुतेकदा आज डोळ्यांत भरणारी नसते. २००७ मध्ये 'करेज' चाचणीत स्थिर दुखण्याच्या २,२८७ रुग्णांपैकी निम्म्यांना चांगली औषधं आणि अँजिओप्लास्टी दिली, निम्म्यांना नुसती चांगली औषधं. साडेचार वर्षांनी मृत्यू आणि अटॅक मिळून प्रमाण १९ टक्के आणि साडेअठरा टक्के. फरक नाहीच. लोक म्हणाले, जुने स्टेंट होते, हलके रुग्ण होते. मग 'इस्केमिया' चाचणी झाली, ३७ देश, ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही पुष्कळ. २०२० मध्ये निकाल छापून आला. आयुष्य वाढवण्यात फरक नाही.

मग स्टेंट निरुपयोगी? अजिबात नाही. लंडनच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये धाडस केलं. दोनशे रुग्ण, सगळ्यांना कॅथलॅबमध्ये नेलं, गुंगी दिली, पण निम्म्यांनाच स्टेंट बसवला. कुणाला बसवला हे रुग्णाला माहीत नाही. सहा आठवड्यांनी चालण्याच्या वेळेत लक्षणीय फरक निघाला नाही. जगभर खळबळ उडाली. त्याच मंडळींनी २०२३ मध्ये पुन्हा तसंच केलं, या वेळी छातीदुखीची औषधं बंद ठेवून, आणि स्टेंटवाल्यांचं दुखणं खरोखर कमी झालं. म्हणजे स्टेंट दुखणं कमी करतो. ज्याला औषधं घेऊनही बाजारात चालता येत नाही, त्याच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे. पण 'स्टेंट नाही टाकला तर उद्या अटॅक येईल' असं सांगून ज्यांच्याकडून कागदावर सही घेतली जाते, त्यांना चुकीची भीती घातली जाते. अपवाद आहेत: डाव्या मुख्य शिरेत मोठं ब्लॉकेज, हृदयाचं पंपिंग फार कमी, दुखणं आठवडाभरात झपाट्यानं वाढलेलं. तिथे वेळ घालवू नये. बाकीच्यांनी एक रात्र झोपावं, दुसऱ्या डॉक्टरला सीडी दाखवावी. कुणी रागावणार नाही. रागावला तर तेही उत्तरच आहे.

पैशाचं बोलू, थोडक्यात. १३ फेब्रुवारी २०१७ ला राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणानं स्टेंटच्या किमतीला लगाम घातला. साध्या जाळीला ७,२६० रुपये, औषधी जाळीला २९,६००. त्याआधी औषधी जाळीचे सरासरी सव्वा लाखाच्या आसपास घेतले जात. सामान्य माणसाला हा मोठा दिलासा होता. पण किमतीवर मर्यादा घालता येते, गरजेवर घालता येत नाही. नको असलेली जाळी स्वस्त झाली तरी नकोच असते. आणि हवी असताना न मिळणं हे त्याहून वाईट. मघाच्या भारतीय अभ्यासात गरीब रुग्णांत महिन्याभरात ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांत ५.५. उपचारांतला फरक हिशेबात धरला तेव्हा हे अंतर उरलंच नाही. म्हणजे गरिबाचं हृदय वेगळं नसतं, त्याला मिळालेलं औषध वेगळं असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. बिलाच्या खिडकीआधी तिथे जा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन.

आणि आता नंतरचं. जाळी ही शरीराच्या दृष्टीनं परकी वस्तू. तिच्यावर पेशींचं अस्तर येईपर्यंत रक्त तिथे गोठायला टपलेलं असतं. औषधी जाळीवर अस्तर सावकाश येतं. २००६ मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत यावरून मोठं वादळ उठलं होतं. तेव्हापासूनची नवी जाळी बरीच सुरक्षित आहे, पण दोन्ही रक्त पातळ करायच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत, बहुधा सहा ते बारा महिने, चुकवायच्या नाहीत. जाळीत गाठ झाली तर तो साधा अटॅक नसतो. त्यात माणूस वाचणं अवघड.

आणि गोळ्या बंद का होतात? दात काढायचा असतो, दातांचे डॉक्टर म्हणतात बंद करा. गावाला जत्रेला जायचं असतं, गोळ्या संपतात. 'आता बरं वाटतंय' हे तर सगळ्यात मोठं कारण. अंगावर निळे डाग दिसतात, कुणीतरी घाबरवतं. दात काढायला या गोळ्या सहसा बंद कराव्या लागत नाहीत. एक फोन हृदयाच्या डॉक्टरला करा, त्याला विचारल्याशिवाय एक दिवसही नाही. आणि आधीची एक गोष्ट राहून गेली: मधुमेह असेल तर अँजिओग्राफीआधी किडनीची तपासणी, क्रिएटिनिन, झालीच पाहिजे, कारण शिरेत सोडलेल्या डायचा भार किडनीवर पडतो.

शेवटी एक मागणी, आणि ती माझ्याच व्यवसायाकडे आहे. न्यूयॉर्क राज्यात कुठल्या रुग्णालयात, कुठल्या डॉक्टरच्या हातून किती अँजिओप्लास्टी झाल्या आणि किती रुग्ण दगावले, हे सरकार छापतं. आपल्याकडे? रुग्णालयाच्या फलकावर 'पाच हजार अँजिओप्लास्टी पूर्ण' असं लिहिलेलं असतं. पूर्ण झाल्या, पण किती जण महिन्याभरानं जिवंत होते? ते लिहिलेलं नसतं. मला माहीत आहे, या आकड्यांतही फसवणूक असते. शॉकमध्ये आलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावतात. ज्यांनी असे रुग्ण घेतले त्यांचा आकडा वाईट दिसतो, आणि मग डॉक्टर अवघड रुग्ण घ्यायला कचरतात. न्यूयॉर्कमध्येही हे झालं. त्यावर उपाय म्हणून रुग्णाची अवस्था हिशेबात धरून आकडे मांडतात. अवघड आहे, पण ग्रुंटझिगनं १९७९ मध्ये पन्नासपैकी पाच तातडीची बायपास असं स्वतःहून लिहिलं होतं. आपण २०२० च्या दशकात आहोत.

वेळ संपली, अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. प्रश्न विचारा, मात्र एक विनंती. मघापासून पहिल्या दोन रांगांत पाच-सहा जणांनी पिशवीतून सीडी आणि रिपोर्ट बाहेर काढून मांडीवर ठेवलेले मला दिसतायत. ते खाली चहाच्या टेबलाजवळ बघू. आणि ज्यांना या क्षणी छातीत दुखत असेल, त्यांनी प्रश्नोत्तरांसाठी थांबू नये.